मूळ कारखान्याचा रंग

प्रथम घटनाक्रम आणि जबाबदार व्यक्ती, म्हणजे पुढे कोणी ‘आम्हांला कळवले नव्हते’ असे म्हणू नये. नागपंचमीच्या आदल्या दिवशी एक मोडकी, विजेवर वाजणारी गिटार आमच्या लोणावळ्याच्या घरात आली. जबाबदार, माझा मामा नामदेव, राहणार कार्ले. नारळी पौर्णिमेला तिच्यावर चढवलेला पॉलिशचा पहिला थर वाया गेला. जबाबदार, मी स्वतः, वय वर्षे सतरा. गौरी जेवल्या त्या दुपारी तिच्या पॉलिशचे काम माझ्या हातातून काढून घेण्यात आले; जबाबदार, माझे वडील सदाशिवराव, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, धंदा चिक्कीचा. भाद्रपदी अमावास्येला, म्हणजे आमच्याकडच्या पोळ्याला, ती कार्ल्यात बैलांपुढे वाजली. या घटनेस सबंध गाव जबाबदार आहे. आणि गेल्या दिवाळीनंतरच्या सोमवारी, लोणावळ्यातील एका हॉटेलात, काचेच्या कपाटात टांगलेल्या त्याच गिटारीखाली मी एक पितळी पाटी वाचली: ‘दुर्मीळ परदेशी गिटार. मूळ कारखान्याचा रंग, जसाच्या तसा.’ जबाबदार, त्या हॉटेलचे व्यवस्थापक आणि त्यांनी मुंबईहून बोलावलेले जुन्या वाद्यांचे एक तज्ज्ञ.

ही गिटार मी त्या हॉटेलला दिली ती फुकट आणि सशर्त. अट एकच होती आणि ती लेखी होती: वाद्याखालच्या पाटीवर, हे लाकूड ज्यांनी नव्याने रंगवले त्या माझ्या वडिलांचे नाव असावे. ते नाव तिथे नाही. मी तीन पत्रे रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली. तिन्हींच्या पोचपावत्या माझ्याकडे आहेत. उत्तर एकाचेही नाही. म्हणून सर्व पुरावा येथे क्रमाने मांडतो. मांडताना राग टिकत नाही, ही माझी अडचण आहे. त्या दीड-दोन महिन्यांइतके सुख मला पुढे फार थोड्या वेळा मिळाले, आणि साक्षीदार आनंदात असला की त्याची साक्ष सैल पडते, हे कोर्टातल्या कारकुनीत मी आयुष्यभर पाहिले आहे.

आमचे घर बाजारपेठेमागच्या गल्लीत होते. पुढे दोन खोल्या, मागे भट्टीची खोली, आणि या दोहोंच्या मध्ये नेहमी बंद ठेवायचे एक जाड दार. पहाटे भट्टी पेटे. तापलेल्या वाळूत शेंगदाणे पडले की कढईतून सरीसारखा आवाज निघे, मग सुपाचा, मग टरफले फुंकून टाकणाऱ्या आईचा. गूळ कढू लागला की घरात कोणी बोलत नसे. अण्णा पाकाचा थेंब गार पाण्याच्या वाटीत टाकत, तो बोटांनी उचलत आणि दातांखाली मोडत. कट्ट असा आवाज आला की कढई खाली. तेल लावलेल्या दगडी ओट्यावर तो गोळा पडला की अण्णांचे लाटणे सुरू होई, आणि चिक्की चौकोनी कापून होईपर्यंत त्यांचा हात एकदाही थांबत नसे. थांबला की पाक तिथेच धरतो. कापताना उरलेल्या कडा आमच्या. त्या मी दुधात बुडवून खात असे, भाकरीबरोबर खात असे, आणि शाळेत त्यांच्या बदल्यात पुष्कळ काही मिळवत असे. चिक्कीच्या घरात पावसाळा हा पाहुणा नसतो, प्रतिवादी असतो. ज्येष्ठ-आषाढापासून आमची सारी शक्ती त्याला दाराबाहेर ठेवण्यात जाई. डब्यांची झाकणे मेणकापडाने बांधायची, मधले दार लावायचे, आणि ते उघडे टाकणाऱ्याला आईचे बोलणे खायचे.

मामा कार्ल्याहून दूध घेऊन लोणावळ्याच्या हॉटेलांत घाली. त्या दिवशी त्याने रिकाम्या किटल्यांबरोबर एक लांबट वस्तू पोत्यात गुंडाळून आणली आणि आमच्या पडवीत ठेवली.

“आक्का, बघ काय घावलंय. हाटेलवाल्यांनी अडगळ भाईर काढली. म्हनले, दूधवाले, न्ह्या सरपनाला. पन लाकूड लय चांगलं हाय. मी न्हाई जाळनार. दोन पाट करीन.”

“नामदेव, त्याला तारा आहेत,” भट्टीच्या दारातून अण्णा म्हणाले.

“तारा काढून कुंपनाला लावू की, दाजी.”

मी ती वस्तू ओळखली होती. त्या हॉटेलात पूर्वी शनिवार-रविवारी वाजवणारे लोक येत, आणि आम्ही पोरे कुंपणाबाहेर उभी राहून ऐकत असू. बाकी वाद्ये मला समजत. या एकीचा आवाज मात्र ताणलेल्या पाकासारखा लांबत जाई आणि तुटत नसे. ती आता माझ्यापुढे पडली होती. मूळचा सायीसारखा पांढरा रंग उन्हाळ्यातल्या शेतासारखा भेगाळलेला, सहापैकी दोनच तारा शिल्लक, आत वायरींचे गंजलेले जाळे. ती तेव्हाच माझ्यापेक्षा वयाने मोठी होती. आज अशा वस्तूला विंटेज म्हणतात आणि काचेत ठेवतात. तेव्हा जुनी म्हणत आणि पावसात ठेवत.

“मामा, हे वाद्य आहे. याचे पाट करायचे नाहीत.”

“वाजतं व्हय?”

“वाजेल.”

“कवा?”

मी उरलेल्या दोन तारा चाचपून पाहिल्या. मामाने माझ्याकडे पाहिले, मग आईकडे पाहून डोळा बारीक केला. “असं कर, भाचंबुवा. पोळ्याला वाजवून दाव. कार्ल्यात, माझ्या बैलांम्होरं. वाजलं तर तुजं. न्हाई वाजलं तर माझं पाट.”

मी चिक्की गुंडाळायच्या कागदावर हे सर्व लिहून काढले आणि मामाची सही घेतली. आई म्हणाली, “अरे, तो तुझा मामा आहे, सावकार नाही.” मामाने मात्र मोठ्या थाटात सही केली आणि खाली बैलजोडीचे चित्र काढले. तो कागद माझ्याकडे आहे. तेव्हापासून मी लेखी कराराशिवाय काही देत-घेत नाही, आणि वर सांगितलेल्या हॉटेललाही दिलेले नाही.

आवाजाचे काम इस्माईलभाईंनी केले. स्टेशनाजवळ त्यांचे पंख्यांचे आणि पाण्याच्या मोटारींचे वाइंडिंग करायचे दुकान होते. तारांखाली बसवलेली चुंबके आणि त्यांभोवती गुंडाळलेली तांब्याची जळकी तार पाहून ते म्हणाले, “ही मोटारच आहे, वकील. फरक इतकाच की ही फिरत नाही, गाते.” वाद घालण्याच्या सवयीमुळे ते मला तेव्हापासूनच वकील म्हणत. केसाहून बारीक तार भरायची होती आणि त्यांचे यंत्र मोटारींच्या जाड तारेचे. शेवटी आईच्या शिलाई मशीनवर, बॉबिन भरायच्या चाकाला ते चुंबक बसवून, आईनेच ती तार भरली. तीनदा तुटली. चौथ्यांदा इस्माईलभाई श्वास रोखून बाजूला बसले आणि आई पायडल इतक्या हलकेच मारू लागली की मशीनचा आवाजच येईना. भरून झाल्यावर ती म्हणाली, “पोलकं शिवून दिलं असतं तर निदान कोणी घातलं असतं.”

रंग काढायचे काम मामाने स्वतःहून अंगावर घेतले. त्याच्याविरुद्ध जाणाऱ्या कामात तो इतक्या आनंदाने राबला की करारात ही बाब कोठे बसवावी, हे मला आजही कळलेले नाही. पोळ्याआधी बैलांची शिंगे साळायची असतात. काचेचा तुकडा तिरका धरून, वरचा खरबरीत पापुद्रा काढत, शिंग गुळगुळीत करायचे. मामाने बाटली फोडली, चांगल्या धारेचा तुकडा निवडला आणि तोच हात गिटारीवर चालवला. पांढऱ्या रंगाची भुकटी पडवीभर झाली.

“बैल बोलत न्हाई, आन् हे बी बोलत न्हाई,” तो म्हणाला. “म्हनून आपल्याला कळाया पायजे, कुटं थांबायचं. एक फराटा जास्ती मारला की शिंगातनं रगात येतं.”

तो थांबला तेव्हा खाली लाकूड निघाले होते. काढणीला आलेल्या आंबेमोहराच्या रंगाचे, तशाच वळत गेलेल्या रेषांचे. मूळ कारखान्याच्या रंगाचा एक कणही त्या दुपारनंतर त्या वाद्यावर उरला नाही. हे विधान मी पूर्ण शुद्धीत, प्रत्यक्ष पाहिलेल्या माहितीवरून करीत आहे.

यापुढची चूक माझी. बंगल्यांतले फर्निचर पॉलिश करणाऱ्या एका कारागिराकडून मी कृती विचारून आणली होती. लाखेच्या पापड्या स्पिरिटमध्ये विरघळवायच्या, कापसाची बोळी मलमलीत बांधायची, ती लाखेत बुडवून लाकडावर फिरवायची आणि बोळी चिकटू नये म्हणून तिला तेलाचा थेंब लावायचा. कोणते तेल, हे त्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. आमच्या घरात तेल म्हणजे शेंगदाण्याचे. ओट्याला तेच लावायचे म्हणजे पाक चिकटत नाही. मग लाख तरी का चिकटेल? मी सढळ हाताने लावले. नारळी पौर्णिमेला थर दिला तो गोकुळाष्टमीपर्यंत वाळला नाही. दुसऱ्या दिवशी, काल्याच्या सकाळी, पाहतो तो तांबड्या मुंग्यांची एक शिस्तबद्ध रांग भिंतीवरून उतरून गिटारीवर चढलेली. माझ्या हातांचा गूळ त्या ओल्या तेलात मिसळला होता. काही मुंग्या लाखेत रुतून बसल्या होत्या आणि पाय हलवत होत्या.

आई दहीकाल्याची वाटी घेऊन आली. “कृष्णाला दहीकाला, तुझ्या गिटारीला मुंग्या. ज्याचा त्याचा नैवेद्य पोचला.”

त्या कारागिराने तेलाची जात न सांगणे ही हयगय होती काय, यावर मी अनेक वर्षे विचार केला आहे. निर्णय दर वेळी माझ्याविरुद्ध जातो.

सगळे स्पिरिटने धुऊन काढले. मामाने घरचे जवसाचे तेल आणून दिले आणि देताना पाटांची मापेही सांगून ठेवली. मी पुन्हा थर दिला. या वेळी तो वाळला. परंतु सकाळी त्यात पांढरे ढग आले होते, आरशावर कोणी श्वास टाकावा तसे. पुसले तर जाईनात, कारण ते वर नव्हते, आत होते. पुन्हा धुतले, पुन्हा दिले, पुन्हा ढग. गणपती आले. पोळा तीन आठवड्यांवर आला आणि पाट मला डोळ्यांपुढे दिसू लागले.

गौरी जेवल्या त्या दिवशी भट्टी बंद होती. पुरणपोळी आणि कटाची आमटी अंगावर आलेली, सारे घर पेंगत होते. मी पडवीत बोळी फिरवत बसलो होतो. अण्णा पान लावून माझ्यामागे येऊन उभे राहिले. पहिल्या दिवशीचे तारांविषयीचे वाक्य सोडले तर तोवर या प्रकरणात ते एक शब्दही बोलले नव्हते. मी समजत होतो की त्यांना राग आहे. आज वाटते, ते एका कारागिराने दुसऱ्याच्या कामात तोंड घालू नये, एवढेच पाळत होते, आणि त्या दुपारी त्यांना ते सहन होईना.

“दार उघडं ठेवून करतोस?”

“उजेड पाहिजे, अण्णा.”

“पावसात चिक्की उघडी ठेवतो का आपण?”

“नाही.”

“का?”

“सादळते.”

“मग?”

त्यांनी वाटीतल्या लाखेत बोट बुडवले, अंगठ्यावर दाबले आणि सावकाश उचलले. दोन बोटांच्या मध्ये एक तार आली. ती किती लांब जाते हे पाहत ते म्हणाले, “जाड आहे. पाक जाड ओतला की वरून कडक दिसतो आणि आतून चिवट राहतो. पातळ कर. एकाच्या जागी दहा थर दे.” आणि माझ्या हातातून बोळी काढून घेतली. ती मला परत मिळाली ती पुढच्या आठवड्यात.

दुसऱ्या दिवसापासून आमचे काम भट्टीच्या खोलीत सुरू झाले. भर पावसात कोरडी राहणारी घरातली तेवढीच जागा. दुपारी भट्टी विझली, निखारे पाणी मारून अंगणात गेले, की अण्णा राख स्वतः हाताने चाचपून पाहत. स्पिरिटची बाटली दाराबाहेर; आत फक्त वाटीभर लाख. मग दार बंद. भिंती ऊबदार, हवेत गूळ, आणि वरच्या एका काचेतून पडणारा उजेड. अण्णांचा हात गिटारीवरून फिरू लागला आणि मला एकदम जाणवले की हा हात मी रोज पाहतो. लाटण्यावरचा हात. कोठेही न थांबणारा, कडेशी आला की न उचलता वळणारा. बोळी पुढे सरके आणि मागे लाकूड ओले दिसे. परत येईपर्यंत ते वाळलेले असे. ढग आले नाहीत. रंग दिवसागणिक खोल होत गेला. आधी कच्च्या गुळाचा, मग काकवीचा, आणि शेवटी तो, जो दिसल्यावर अण्णा कढई खाली उतरवत.

पाक वाट पाहत नाही, त्यामुळे भट्टीवर अण्णा कधी बोलत नसत. लाख वाट पाहते. दोन थरांच्या मध्ये ते बसून बोलू लागले. पहिला पाक जाळला तेव्हा त्यांच्या उस्तादाने तो त्यांनाच आठ दिवस खायला लावला, ही हकीकत सांगताना ते इतके हसले की आई दार वाजवून विचारू लागली, आत काय चालले आहे. “काही नाही,” अण्णा म्हणाले, “दार उघडू नकोस, सादळेल.” वडिलांना हसताना उजव्या गालावर खळी पडते, हे मला सतराव्या वर्षी कळले. पाट, करार, पोळा, सगळे त्या खोलीत मागे पडे. काम लवकर संपू नये असे मला वाटू लागले होते.

ते संपले अमावास्येच्या आदल्या दिवशी. पोळ्याच्या सकाळी, इस्माईलभाईंनी मिळवून दिलेल्या सहा नव्या तारा चढवताना माझ्या हातून पान्हा निसटला आणि खालच्या कडेला ओरखडा उठला. सणामुळे भट्टी थंड होती. अण्णांनी तेवढ्याच जागी लाख लावली, फुंकर घातली आणि म्हणाले, “हे मात्र कच्चं आहे. जपून.”

कार्ल्यात पोचलो तेव्हा ऊन पडले होते आणि भातखाचरांतले पाणी चमकत होते. मामाचे बैल हिंगुळाचा तांबडा रंग लावलेल्या शिंगांनी, झुली पांघरून उभे होते. इस्माईलभाईंनी बॅटरीवर चालणारे लाऊडस्पीकरचे यंत्र एका बैलगाडीत ठेवले आणि त्यात गिटारीची वायर जोडली. हलगीवाला म्हातारा तिच्याकडे बराच वेळ पाहत होता.

“हे फुकायचं का बडवायचं?”

“छेडायचं, आबा.”

“हां. म्हंजी आमच्या म्हातारीवानी. छेडलं की वाजतंय.”

सगळे हसले. मी तारेला बोट लावले. आधी नुसती घरघर आली. मामाने माझ्याकडे पाहिले, आणि त्याच्या तोंडावर पाटांचा आनंद मुळीच नव्हता. तो घाबरला होता. मग इस्माईलभाईंनी वायर थोडी आत दाबली, आणि स्वर निघाला. वेशीपासून मारुतीच्या देवळापर्यंत गेला आणि तुटला नाही. थोरल्या बैलाने एक कान वळवला आणि पुन्हा रवंथ सुरू केला. मला आठ स्वरांचा एकच तुकडा येत होता. तो मी हलगीच्या ठेक्यावर देवळापर्यंत वाजवला, देवळाभोवती वाजवला, आणि पोरे पुढे नाचू लागली तेव्हा पुन्हा पहिल्यापासून वाजवला. आठव्या स्वरावर हलगीवाला प्रत्येक वेळी मान हलवी, जणू तो नवाच होता. “वाजतंय की रं,” मामा ज्याला त्याला सांगत सुटला, “माझंच हाय ते,” जे करारानुसार आता खोटे होते.

मी अण्णांना शोधत होतो. ते अगदी जवळ होते आणि वाजवणे ऐकत नव्हते. माझा घामेजलेला सदरा पॉलिशला चिकटतो आहे काय, हे ते वाकून पाहत होते. मी थांबल्यावर त्यांनी गिटार घेतली, पाठीवरून अंगठा ओढला आणि नख वाजवून पाहिले. कट्ट. “उतरलाय,” ते म्हणाले. पाक जमला की ते एवढेच म्हणत.

त्याच क्षणी कोणीतरी बैलांवर गुलाल उधळला. तो आमच्यावरही पडला. सगळीकडून झटकला गेला. फक्त खालच्या कडेची ती कच्ची जागा होती, तिथे तो धरला. मी रुमालाने पुसू लागलो तर अण्णांनी माझा हात धरला. “पाकात पडलेला तीळ काढायला गेलं की पाक जातो. राहू दे.” दुसऱ्या दिवशी भट्टी विझल्यावर त्यांनी त्या गुलालावर शेवटचा थर दिला.

तो आजही तिथे आहे. तिरक्या उजेडात कड धरली तर करंगळीच्या नखाएवढा लाल डाग लाखेच्या आत दिसतो. गेल्या दिवाळीनंतरच्या त्या सोमवारी मी काचेला नाक लावून तो पाहिला. सदर तज्ज्ञांनीही तो पाहिला असला पाहिजे, कारण त्यांनी वाद्य तासभर भिंगातून तपासल्याचे व्यवस्थापकांनी मला अभिमानाने सांगितले. भिंगातून पाहूनही त्यांना माझ्या वडिलांचा हात कारखान्याचा वाटला, हे ऐकून मला झालेला आनंद मी नाकारत नाही. परंतु आनंद हा उत्तराला पर्याय नव्हे. म्हणून माझी मागणी अशी: व्यवस्थापकांनी आणि तज्ज्ञांनी, ज्या दिवाणखान्यात ती पाटी लावली त्याच दिवाणखान्यात, लोकांसमक्ष ते कपाट उघडावे, खालची कड उजेडात धरावी आणि जाहीरपणे सांगावे, की रंगाच्या दोन थरांमध्ये गुलाल घालणारा तो कारखाना जगाच्या पाठीवर कोणत्या देशात आहे.